बारा फोटोंची जत्रा

मोबाइल इथंच ठेवा. जिथं निघालात तिथं त्याचा उपयोग नाही. डोक्याला पंचा गुंडाळा, गळ्यात कवड्यांची माळ घाला आणि घुसा या तांबड्या एसटीत. साल १९७८. कोजागरी पौर्णिमा. पाटीवर खडूनं लिहिलंय ‘उस्मानाबाद–तुळजापूर’, आणि खिडकीतून आधी पिशव्या, मग लेकरं आत येताहेत.

मांडीवर मामाचा कॅमेरा आहे. बडोद्यात तयार झालेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री, चामडी कव्हरात. आत उटीच्या कारखान्यातला ‘इंदू’ रोल, कृष्णधवल. मामा सीटवरून वळून पुन्हा एकदा बजावतो, “बारा हायेत. तेरावा न्हाई. इचार करून दाब.”

तुळजापुरात उतरताच गर्दी तुम्हाला उचलूनच घेते. पाय जमिनीला लागतात की नाही, सांगता येत नाही. पोतांचा तेलकट धूर डोळ्यांत जातो. सोलापूरहून रात्रभर अनवाणी चालत आलेल्यांच्या तळव्यांना फोड आलेत, तरी “आई राजा उदो उदो”चा आवाज उतरत नाही. कोपऱ्यावर गोंधळ्याचं संबळ कडाडतंय, आराध्यांच्या परड्या पुढे येताहेत, कुणाचा तरी कुंकवाचा हात तुमच्या कपाळाला लागून गेलाय. दसऱ्यानंतर निद्रेला गेलेली आई आज उठली आहे.

फोटो काढायचाय? मग आधी कॅमेरा छातीशी धरा, नाहीतर धक्क्यानं जाईल. मागच्या छोट्या लाल खिडकीत १ आकडा येईपर्यंत चकती फिरवा. ऊन असेल तर खटका सूर्यावर, सावली असेल तर ढगावर. फार जवळ जाऊ नका, तोंड धूसर येतं. आता श्वास रोखा.

पण समोरची मंडळी तयारच नाहीत. महाद्वारापाशी मामी पदर सावरतेय, धाकटा शेंबूड पुसतोय, मामानं शर्टाची वरची गुंडी लावलीय. सगळे ताठ, हात मांड्यांना चिकटवून, एकही हसत नाही. हसायचं कशाला? फोटो वर्षानुवर्षं भिंतीवर राहायचा असतो. खटका दाबलात तर गर्दीतून एक अनोळखी फेटा मध्येच आला. तोही आता तुमच्या घरात राहणार.

गोमुखापाशी एक, कल्लोळाच्या पायऱ्यांवर ओल्या कपड्यांत कुडकुडणारी पोरं एक. गाभाऱ्यात कॅमेरा बंद. तिथलं पितळी समयांचं उबदार तेज, घामाचा आणि फुलांचा दाट वास, मागून ढकलणारे हात, हे सगळं फोटोशिवायच घ्यायचं. आणि कुंकवाचा मळवट? रोलला तांबडा रंग कळत नाही. तो कागदावर करडा उतरेल आणि हळद पांढरट. लाल काय होतं, ते सांगणारं माणूस फोटोशेजारी बसलेलं लागेल.

दुपारी लिंबाच्या सावलीत मुक्काम. तीन दगडांची चूल पेटलीय. आजी काटवटीत ज्वारीचं पीठ मळतेय, हातावर भाकरी थापतेय, थाप-थाप-थाप, आणि तवा धूर सोडतोय. ठेच्याचा ठसका नाकात गेला तसे सगळे खोकतात. आजीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्यात, कपाळावर पिठाचा एक बोटभर ठिपका आहे.

कॅमेरा काढा. खटका ढगावर.

“आरं आरं!” मामा ओरडतो. “भाकरीचा फोटो काढतंय का कोण? उद्या नळदुर्गाला काय दाखवशील?”

त्याचं हिशेबानं बरोबर आहे. पण तुम्ही पुढच्या काळातून आलात. तुम्ही अशा घरांतले अल्बम चाळलेत, ज्यांत देवळं आहेत, किल्ले आहेत, लग्नाच्या पंगती आहेत, आणि आजीचे हात कुठेच नाहीत. चूल, उखळ, अंगणातली बाज, पहाटे पाणी तापवणारा बंब, यांवर कुणी फोटो खर्चलाच नाही. रोज दिसणारं रोजच दिसणार, असं वाटायचं. म्हणून दाबा. मामाला काही सांगत बसू नका.

दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. यंदा बोरी नदी भरून वाहतेय, नर आणि मादी दोन्ही धबधबे धडधडताहेत आणि शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. आत उतरून पाणीमहालाच्या खिडकीत बसलात तर भिंत पाठीला थरथरते, तुषार तोंडावर येतात, भिंग ओलं होतं. मामाच्या धोतराच्या सोग्यानं ते पुसा. उरलेले फोटो इथं संपतात, आणि लाल खिडकीत १२ आल्यावर सगळेच गप्प होऊन एकमेकांकडे बघतात.

रोल स्टुडिओत धुवायला टाकलाय. आठवड्यानं या, म्हणाले. आठवडा जातो. दुकानात हायपोचा आंबूस वास, दोरीला चिमट्यांनी लटकलेल्या ओल्या पट्ट्या. दुकानदार तुमची पट्टी उजेडात धरतो. निगेटिव्हमध्ये आजीचे पांढरे केस काळेभोर, तव्यावरची भाकरी काळी, चुलीतला जाळही काळा. पोरं खिदळतात.

घरी आजी फोटो हातात धरते, लांब नेते, जवळ आणते. “व्हय रं, पदर तरी नीट घ्यायला सांगायचं हुतं,” ती म्हणते. मग बोटांवर काहीतरी मोजते. “ह्याच्या चार काप्या काढून आण. पोरींच्या सासरी धाडायच्यात.”