श्वासावाटे औषध : इनहेलरची वाटचाल

औषध पोटात न देता थेट श्वासमार्गात पोहोचवण्याची कल्पना प्राचीन आहे. औषधी धूर ओढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘धूमनेत्र’ या नळीचे वर्णन चरकसंहितेत आढळते. दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याची भारतीय पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली.

‘इनहेलर’ हे नाव इंग्रज वैद्य जॉन मज यांनी १७७८ मध्ये आपल्या वाफ घेण्याच्या झाकणबंद पेल्याला दिले. १८५८ मध्ये फ्रान्सच्या साल-जिरों यांनी द्रव औषधाचे तुषार करणारे हातपंपाचे यंत्र तयार केले. तथापि, या साधनांतून औषधाची निश्चित मात्रा मिळत नसे.

ही उणीव १९५६ मध्ये दूर झाली. अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमाग्रस्त मुलीने, केसांच्या फवाऱ्यासारखे औषधही डबीतून का मिळू नये, असा प्रश्न विचारला होता. त्यातूनच प्रत्येक दाबासरशी ठरावीक मात्रा देणारा ‘मेडिहेलर’ साकारला. १९६९ मध्ये सालब्युटामॉल, तर १९७२ मध्ये सूज कमी करणारे बेक्लोमेथासोन इनहेलरद्वारे उपलब्ध झाले.

भारतात मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने १९७६ मध्ये दम्यासाठी फवारा-औषधे बाजारात आणली. पुढे कॅप्सूलमधील कोरडी भुकटी ओढण्याचे ‘रोटाहेलर’ हे साधनही देशात परिचित झाले. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या मॉन्ट्रियल करारानंतर फवाऱ्यातील क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंची जागा टप्प्याटप्प्याने अन्य वायूंनी घेतली.

रायपूरलगतच्या उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांसारख्या, कारखान्यांच्या धुराचा व धुळीचा उपद्रव असलेल्या भागांत श्वसनरुग्णांसाठी ही साधने विशेष महत्त्वाची ठरतात. मात्र ‘इनहेलरची सवय लागते’, ‘तो अखेरचा उपाय आहे’, अशा गैरसमजांमुळे अनेक रुग्ण गोळ्यांनाच पसंती देतात. वास्तविक, सालब्युटामॉलच्या गोळीत साधारणपणे २ ते ४ मिलिग्रॅम औषध असते, तर फवाऱ्याच्या एका दाबात केवळ १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या ते चाळिसाव्या हिश्शाइतके. औषध थेट फुप्फुसांत पोहोचत असल्याने अल्प मात्राही पुरेशी होते आणि हात थरथरणे, धडधडणे यांसारखे त्रास कमी होतात.

वापराची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. फवारा दाबताना श्वास संथ व खोल घ्यावा लागतो. भुकटी मात्र जोराने ओढावी लागते. दोन्ही प्रकारांत श्वास सुमारे दहा सेकंद रोखून धरणे हितावह असते. लहान मुले व वृद्धांसाठी फवाऱ्याला ‘स्पेसर’ ही पोकळ नळी जोडतात. स्टेरॉइडयुक्त औषध घेतल्यानंतर चूळ भरणे आवश्यक आहे.