परिमेय व अपरिमेय संख्या : ओळख

जी संख्या दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात मांडता येते (छेद शून्य नसताना) ती परिमेय; जी वास्तव संख्या तशी मांडताच येत नाही ती अपरिमेय. ३/४, −५, ०.१२५ या परिमेय. √२, √३, पाय या अपरिमेय. व्याख्या सोपी आहे. तरीही ओळखताना गफलत होते, कारण लक्ष आकड्यांच्या दिसण्यावर जाते.

परिमेय संख्येचे दशांश रूप खंडित तरी असते किंवा अखंड आवर्ती तरी. १७ ने भागताना बाकी ० ते १६ यांतलीच उरते. ० आली तर भागाकार संपतो, नाहीतर आधी आलेली बाकी केव्हातरी पुन्हा येते आणि तेच अंक पुन्हा सुरू होतात. १/१७ चे आवर्तन १६ अंकी आहे : ०५८८२३५२९४११७६४७. दहा अंकी कॅल्क्युलेटरवर ते पुरते मावत नाही, म्हणून ही संख्या अपरिमेय भासते. उलट ०.१०१००१०००१... यात दर वेळी एक शून्य वाढते. नियम डोळ्यांना दिसतो, पण कोणताही ठरावीक गट सतत येत नाही. म्हणून ती अपरिमेय.

√२ सारख्या मुळांसाठी शाळेत शिकवला जाणारा ‘करणी’ हा शब्द शुल्बसूत्रे या प्राचीन ग्रंथांतला. बौधायनाने द्विकरणीसाठी, म्हणजे √२ साठी, १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) हे मान दिले. ते होते ५७७/४०८. ताळा करून पाहावा : ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक अवघा एकाचा! पण दुसरा कोणताही अपूर्णांक घेतला तरी फरक शून्यावर येणार नाही. वर्गसंख्येच्या मूळ अवयवांत २ हा सम वेळा येतो, वर्गाच्या दुपटीत विषम वेळा. दोन्ही सारख्या कशा होतील?

पायच्या बाबतीत मात्र २२/७ ने मोठा घोळ घातला आहे. २२/७ परिमेय आहे आणि तिसऱ्या दशांश स्थळीच पायपासून फारकत घेते. आर्यभटाने ३.१४१६ या मानालाही ‘आसन्न’ (जवळपासचे) म्हटले होते. पाय अपरिमेय असल्याचे योहान लँबर्ट यांनी १७६१ मध्ये सिद्ध केले. वहीत ‘पाय = २२/७’ लिहू नये, ‘सुमारे २२/७’ लिहावे.

सिद्धतेवाचून केवळ अंकांवरून निवाडा होत नाही. ०.५७७२... या ऑयलर स्थिरांकाचे अब्जावधी अंक काढून झाले आहेत. तो परिमेय की अपरिमेय, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.