तोंडात हात कोण घालणार?

आमच्या घरात साथींच्या गोष्टी पुष्कळ. पटकीच्या, प्लेगच्या, मानमोडीच्या. सगळ्यांत गेलेल्यांची मोजदाद; राहिलेल्यांना काय दुखत होतं, ते कुणी सांगत नाही. अपवाद पणजीच्या जबड्याचा, आणि तीही गोष्ट टिकली ती हसण्यावारी.

प्लेगनं उंदीर पडायला लागले तसं कऱ्हाडजवळचं आमचं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. पणजी नवी सून. एका पहाटे तिनं जांभई दिली आणि तोंड उघडं ते उघडंच. बोलता येईना, लाळ गळायला लागली. सासूला वाटलं, बाहेरचं काहीतरी. शेजारच्या झोपडीतलं कुणी जवळ येईना. हाडं बसवणारा तालमीतला वस्ताद आला, पण तोही लांबूनच विचारतोय, "काखेत गाठ हाय का? जांघेत?" सासूनं बघून 'नाही' म्हटल्यावर त्यानं दोन्ही अंगठ्यांना धोतराची चिंधी गुंडाळली, खालच्या दाढांवर दाब देऊन जबडा आधी खाली आणि मग मागे लोटला. खट्. चिंधी अशासाठी, की जबडा बसताना दात एकदम मिटतात आणि अंगठा सापडतो. डॉक्टर आजही गॉज गुंडाळतात. सुश्रुतसंहितेतही निखळलेला जबडा शेकून, जागेवर आणून पट्टा बांधायला सांगितलं आहे. वस्तादानं ती वाचली असेल असं मात्र वाटत नाही.

जबड्याचा हा सांधा मोठा चमत्कारिक. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, लागतो हाताला. आधी बिजागरीसारखा फिरतो, मग पुढे सरकतो. मध्ये कुर्चेसारखी चकती असते. ती जागची हलली की कट्कट् वाजतं, कधी तोंड पुरतं उघडत नाही. जीव जात नाही, पण भाकरी खाता येत नाही.

मार्च २०२०मध्ये करोनासाठी राज्य सरकारनं जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७चा, प्लेगसाठीच इंग्रजांनी केलेला. त्यापाठोपाठच्या टाळेबंदीत आत्याचा जबडा धरला. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटी. दातांचे दवाखाने तातडीच्या कामांपुरतेच, तेही बरेचसे बंद. ड्रिलच्या फवाऱ्यातून विषाणू पसरेल ही धास्ती. आत्याला ड्रिल नको होतं, पण तातडीच्या यादीत रक्तस्राव, सूज, मार लागणं असलं काही. दोन बोटांपलीकडे तोंड न उघडणं कुणाला तातडीचं वाटणार? शिवाय दात आवळू नयेत म्हणून रात्री दातांवर लावायच्या पट्टीसाठी दातांचं माप घ्यावं लागतं. मापाचा साचा तोंडात गेला की माणसाला उमासा येतो, तो खोकतो. नेमकं तेच तेव्हा नको होतं.

मग फोन. डॉक्टरांनी व्हिडिओवर तिची बोटं तोंडात घालायला लावून मोजमाप घेतलं, आणि ओला शेक, मऊ भात, मोठी जांभई टाळणं, ओठ मिटले तरी दात सुटे ठेवणं असं सांगितलं. माझ्या मते सल्ला उत्तम होता. आत्याचं म्हणणं, हे तर आजीनंच सांगितलं असतं, फुकटात.

दुखणं तिचं एकटीचं नव्हतं. इस्राएल आणि पोलंडमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी लोकांना प्रश्नावल्या देऊन पाहिलं: टाळेबंदीच्या काळजीनं दात आवळण्याच्या, जबडा दुखण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या, बायकांत जास्त. म्हणजे साथीनं दुखणं वाढवलं आणि त्याच साथीनं दवाखान्याचं दारही लावून घेतलं. प्लेगच्या माळावर किती जणी रात्री दात आवळून पडल्या असतील, याची नोंद कुठल्याही सरकारी अहवालात व्हायची नाही.

आत्याला पट्टी मिळाली ती दिवाळीनंतर. लावतेस का, म्हणून विचारलं. "रात्री कशाला? बातम्या बघताना लावते. दात काय ते तेव्हाच आवळले जातात."