वसंत ऋतू आणि चैत्र मास : पंचांगाच्या इतिहासातील एक अनुत्तरित प्रश्न

'चैत्र-वैशाख वसंत ऋतू' हे समीकरण आपण शालेय वयातच पाठ करतो. त्याच वेळी 'वैशाख वणवा' हा शब्दप्रयोगही मराठीत सर्रास रूढ आहे. वसंत हा ऋतुराज मानला, तर त्याच्या दोन मासांपैकी एकाला वणव्याची उपमा का मिळावी, हा प्रश्न वरवर भाषिक वाटला तरी त्याचे मूळ कालगणनेच्या इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा, विशेषतः महाराष्ट्रात या विषयावर झालेल्या विचारमंथनाचा, परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

वैदिक वाङ्मयात ऋतूंना अनुसरून मासांना स्वतंत्र नावे होती. तैत्तिरीय संहितेत मधु आणि माधव हे वसंताचे मास सांगितले आहेत. चैत्र, वैशाख ही नावे मात्र नक्षत्रांवरून आली. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असेल त्यावरून मासाचे नाव. पुढे मधु म्हणजे चैत्र आणि माधव म्हणजे वैशाख असे समीकरण रूढ झाले आणि दोन भिन्न तत्त्वांवर आधारलेल्या व्यवस्था एकमेकींत मिसळल्या. ऋतू सूर्याच्या संपातसापेक्ष स्थितीवर अवलंबून असतात, तर नक्षत्रे तारकांवर. संपातबिंदू स्थिर असता तर या मिसळणीने काहीच बिघडले नसते. परंतु तो दरवर्षी सुमारे ५० विकला, म्हणजे सुमारे ७२ वर्षांत एक अंश, मागे सरकतो. अधिक मासाच्या योजनेमुळे आपले चांद्रमास सौरवर्षाशी बांधलेले राहतात हे खरे. पण ते सौरवर्ष नाक्षत्र आहे, ऋतूंचे नव्हे. सूर्यसिद्धांताचे वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे असल्यामुळे साठेक वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो.

ही गोष्ट प्राचीनांच्या लक्षात आलीच नव्हती असे नाही. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठारंभी सांगितला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत, पूर्वी अयनाचा आरंभ निराळ्या ठिकाणी होत असे, आता तो मकरारंभी होतो, अशी नोंद केली. प्रत्यक्ष निरीक्षणाला शास्त्रवचनापेक्षा मान देणारी ही वृत्ती पुढील पंचांगकर्त्यांत टिकली नाही, असे खेदाने म्हणावे लागते. वराहमिहिराच्या सुमारास मेषसंक्रांत आणि वसंतसंपात जवळजवळ एकत्र येत. आज संपात २० मार्चच्या सुमारास होतो आणि मेषसंक्रांत १३-१४ एप्रिलला. साहजिकच त्या काळी चैत्रारंभ संपातापूर्वीच्या महिन्यात होई. आज तो मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोठेही येतो: २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च, २०२६ मध्ये १९ मार्च.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वैशाखाच्या दाहाचे सारे खापर संपातचलनावर फोडता येणार नाही. षड्ऋतूंची कल्पना मुख्यतः उत्तर भारताच्या मैदानात घडली. दख्खनच्या पठारावर उन्हाळा लवकर येतो आणि वसंत मुळातच आखूड असतो. तरीही महाराष्ट्रातील वसंतोत्सवाचा केंद्रबिंदू जुन्या काळापासून फाल्गुन राहिलेला दिसतो. गाथासप्तशतीतील एका गाथेत फाल्गुनोत्सवात अंगाला चिखल माखण्याचा उल्लेख आहे. धुळवडीची परंपरा किती जुनी असावी, याचा हा मोलाचा पुरावा होय. सातव्या शतकातील हर्षाच्या रत्नावली नाटिकेचा आरंभही मदनमहोत्सवातील रंगोत्सवाने होतो. कोकणातील शिमगा, पालख्यांचा गावभर होणारा संचार, नंतरची रंगपंचमी हे सारे पळस-पांगारा फुलण्याच्या हंगामातील उत्सव आहेत. याउलट चैत्रातील आचार उन्हाळ्याची चाहूल देतात. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने खाणे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे, आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे देणे या प्रथांत ऋतूला अनुरूप आहाराचे भान स्पष्ट आहे. चैत्रगौर अक्षय्यतृतीयेपर्यंत झोपाळ्यावर बसते, ती घामाच्या दिवसांत! शास्त्रार्थापेक्षा घरातील स्त्रियांनी जपलेली ही व्यवस्था निसर्गाच्या अधिक जवळची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाची आधुनिक गणिताच्या आधारे चिकित्सा झाली, आणि ती प्रामुख्याने महाराष्ट्रात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य वेधांवर आधारित ग्रहगणित मराठीत आणले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षितांच्या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात या वादाची दोन्ही अंगे विस्ताराने मांडली आहेत. धर्मशास्त्राने सांगितलेली कर्मे ऋतूंशी निगडित आहेत. नाक्षत्र वर्ष चालू ठेवल्यास कालांतराने ती भलत्याच ऋतूत जातील, असा सायनवाद्यांचा युक्तिवाद होता. १८९३ मध्ये 'ओरायन' लिहिणाऱ्या लोकमान्य टिळकांनी संपातचलनाचा उपयोग वेदकाल ठरविण्यासाठी केला. परंतु पंचांगाच्या प्रश्नात ते निरयन पद्धतीच्या, त्यातही रेवती पक्षाच्या बाजूने उभे राहिले. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा पक्षाचे पुरस्कर्ते होते. म्हणजे निरयनवाद्यांतही एकमत नव्हते.

सायन पंचांग लोकांनी स्वीकारले नाही, याचे कारण केवळ सनातनी वृत्तीत शोधणे अन्यायाचे ठरेल. ते स्वीकारल्यास बहुतेक वर्षी मासनामे एका महिन्याने बदलली असती. एकाच गल्लीतील दोन घरांच्या दिवाळीत महिन्याचे अंतर कोणाला परवडणार? शिवाय चैत्रातील पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ दिसेनासा झाला असता, तर चैत्र या नावालाच अर्थ उरला नसता.

स्वातंत्र्यानंतर नोव्हेंबर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमण्यात आली. तीत पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे सदस्य होते. १९५५ च्या अहवालात समितीने नागरी व्यवहारासाठी सायन सौर वर्ष सुचविले आणि २२ मार्च १९५७ हा १ चैत्र शके १८७९ धरून ते अमलात आले. त्यात वसंताचे मास फाल्गुन आणि चैत्र असे मानले आहेत. वैशाख ग्रीष्मात गेला. धार्मिक पंचांगासाठी समितीने मधला मार्ग काढला. अयनांश २३ अंश १५ कला असा स्थिर धरावा, म्हणजे आजवर पडलेला फरक तसाच राहील, पण वाढणार नाही, अशी तिची शिफारस होती. राजपत्रावर व आकाशवाणीवर राष्ट्रीय सौर दिनांकाला स्थान मिळाले. परंतु प्रचलित निरयन पंचांगांतील अयनांश दरवर्षी वाढतच आहे, आणि गुढीपाडवा सुमारे ७१ वर्षांत एक दिवस या गतीने ग्रीष्माकडे सरकत आहे.