दारातील लाजरस

संत लूकच्या शुभवर्तमानातील (१६:१९-३१) श्रीमंताने लाजरसाला हाकलून दिले, असे प्रभू येशू कोठेही म्हणत नाही. तो प्रतिदिनी मेजवानीचा आनंद घेत होता आणि दाराशी लाजरस पडून होता, एवढेच. दाखल्यात गरिबाला नाव आहे, श्रीमंताला नाही. मात्र मरणानंतर यातना भोगताना तोच श्रीमंत, लाजरसाला पाठवावे, अशी याचना करतो. म्हणजे नाव त्याला ठाऊक होते! आम्हांस ही जागा सर्वाधिक अस्वस्थ करते.

आमचा नांदुरा परिसर कापसाचा. विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्र शासनाने २००६ साली विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. कर्जबाजारी शेतकऱ्याचे नाव गावात सर्वांना ठाऊक असते. सावकाराच्या वहीत तर असतेच. आमच्या प्रार्थनेत ते बहुधा निधनानंतर येते.

पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१७ पासून सामान्य काळातील ३३व्या रविवारी ख्रिस्तसभा 'गरिबांचा जागतिक दिन' पाळते. त्या दिवशीचे अन्नदान स्तुत्यच. परंतु संत याकोबाचे पत्र (५:४) शेतमजुरांच्या अडवलेल्या मजुरीविषयी बोलते. वेचणीचे पैसे पुढच्या बाजारावर ढकलणारे कोणी त्या रविवारी अन्नदानास येणार असतील, तर त्यांनी त्या मजूर बाईचा हिशेब शनिवारीच पुरा करावा, अशी आमची विनंती आहे.