चंदीचे माप

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला गेलेला माणूस लखुजी जाधवांच्या वाड्याचा दरवाजा पाहतो, जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकवतो आणि परततो. पागेची आठवण सहसा कोणाला होत नाही. वास्तविक सतराव्या शतकातल्या सरदाराचे वजन त्याच्या दारच्या घोड्यांवरून ठरे आणि घोडे बाळगायचे म्हणजे चंदी-वैरणीचा खर्च रोजचा. तोबऱ्यात किती दाणा घालायचा आणि तो कशावरून ठरवायचा? हा प्रश्न लखुजींच्याही फार आधीचा आहे. त्याच्या मागावर निघायचे तर आपल्याला प्रथम कौटिल्याकडे जावे लागते.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे. उत्तम घोड्याला दोन द्रोण धान्य, तेही साळ, जव किंवा राळ्याचे, अर्धे वाळवलेले वा अर्धे शिजवलेले. शिवाय एक प्रस्थ स्नेह, पाच पळे मीठ, पन्नास पळे मांस, खाण्याचा गोळा भिजवायला दही, अशी ती यादी आहे. मध्यम आणि कनिष्ठ घोड्यांचा शिधा त्याहून कमी. येथवर हे माप घोड्याच्या प्रतीचे झाले. पण पुढेच एक बारीक तरतूद येते : घोडा मध्यम असला, तरी तो रथाला जुंपला जात असेल किंवा वळू म्हणून ठेवलेला असेल, तर त्याला उत्तम घोड्याइतकेच मिळावे. कामावरून खुराक ठरवण्याची कल्पना अशी एका ओळीत, जवळजवळ चोरपावलांनी, शास्त्रात शिरली. माझ्या मते त्या प्रकरणातली सर्वांत मोलाची ओळ हीच.

शिवकाळात या प्रश्नात ऋतूची भर पडली. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला दिसतो; पावसाळ्याच्या छावणीसाठी दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांकरिता गवताने शाकारलेल्या पागा तयार असत. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. आगोटीसाठी साठवलेला दाणा आत्ताच उधळलात, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा रोख. जळत्या दिव्याची वात उंदराने ओढली, तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत त्यात बजावले आहे. दाणा-वैरण संपल्यावर काय होते, ते पुढे पानिपतावर दिसले. 1761च्या जानेवारीत लढाईला तोंड लागण्यापूर्वीच उपासमारीने मराठी घोडदळाचा कणा मोडला होता.

घोड्याच्या कातडीआड नेमके काय घडते, हे पाहायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1887च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑग्युस्त शोवो आणि कॉफमान या दोघांनी घोड्याचा वरचा ओठ उचलणारा छोटा स्नायू निवडला. स्नायूत शिरणारे रक्त आणि बाहेर पडणारे रक्त त्यांनी तपासले, एकदा घोडा स्वस्थ असताना आणि एकदा तो चारा खात असताना. काम करणारा स्नायू रक्तातली साखर कितीतरी अधिक ओढून घेतो, हे असे सिद्ध झाले. बर्लिनमध्ये नाथान झुंट्झने 1889मध्ये घोड्यासाठी सरकता पट्टा उभारला आणि 1898मध्ये हागेमानसह विश्रांती व श्रम यांतील घोड्याच्या चयापचयाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे त्याच सुमारास, 1886मध्ये, परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले होते.

युरोपातल्या गाडीवानांना एक चमत्कारिक दुखणे ठाऊक होते. रविवारी घोडा उभा, पण चंदी नेहमीइतकीच. सोमवारी जुंपला की थोड्याच वेळात मागचे पाय ताठ, अंगाला घाम आणि मूत्र कॉफीच्या रंगाचे. स्वीडनच्या कार्लस्ट्रॉमने 1930च्या दशकात दोष स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साखरेच्या साठ्यावर, ठेवला. पुढे 1962मध्ये बर्गस्ट्रॉमची सुई आली. स्नायूचा तांदळाएवढा तुकडा जिवंत घोड्यातून काढता येऊ लागला आणि 1974मध्ये लिंडहोल्म व पील यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या स्नायूतंतूंचे वर्गीकरण केले. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरायला माणसाला साधारण एक दिवस पुरतो, तर घोड्याला दोन ते तीन दिवस लागतात, हेही असेच उमगले. 2008मध्ये काही घोड्यांच्या या दुखण्यामागे एका जनुकाचा दोष सापडला. अशा घोड्याचा दाणा कमी करून ताकदीसाठी तेल देतात आणि त्याला रोज थोडे तरी फिरवतात.

आज बुलढाण्यात लढाईचा घोडा नाही. पण दरवर्षी शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते, तिच्यासोबत अश्व चालतो आणि महिनाभराने पंढरपूर गाठतो. चालीच्या या गतीला स्नायू मुख्यतः चरबीवर भागवतात. कडबा-गवत आतड्यात आंबून तयार होणारी आम्लेही त्यात जळतात आणि दाण्यावर भार कमी पडतो. खरी नजर ठेवावी लागते ती पंढरपूरच्या मुक्कामात. काही दिवस घोडा खुंट्याला उभा असतो आणि भाविक कौतुकाने हरभऱ्याची डाळ, गूळ, पेढे पुढे करत राहतात. तेव्हा चंदी निम्म्यावर आणावी, वैरण मात्र पोटभर घालावी आणि सकाळ-संध्याकाळ घोडा हिंडवून आणावा.