कुंडल रोडच्या माळावरील सचोटी

व्यापार आणि सचोटी यांचे जमत नाही, असा एक समज आपल्याकडे फार जुना आहे. नोकरीपेशात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांत तर तो अधिकच दृढ झाला. धंदा म्हणजे लबाडी, आणि लबाडी साधत नाही म्हणून आपण धंद्यात मागे, असे समाधान कित्येक पिढ्यांनी मानून घेतले. या समजाला बेळगावच्या मातीनेच एक सज्जड उत्तर दिलेले आहे, त्याचे स्मरण येथे करावयाचे आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंगभेद नीट ओळखता येत नाही असे आढळल्याने चित्रकला सोडावी लागली. मग त्यांनी यांत्रिक आलेखन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला. गुणाऐवजी जन्म पाहून माणसाचे मोल ठरविले जाते तेव्हा काय वाटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुढील चरित्र वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्या साथीने सायकलींचे दुकान चालत होते. 1888 हे साल त्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते. मात्र लक्ष्मणरावांचा ओढा यंत्रनिर्मितीकडे होता. कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि पाठोपाठ लोखंडी नांगर आला. नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

येथे सचोटीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. कापड वा किराणा खराब निघाला तर गिऱ्हाईक दुकान बदलते. पण नांगर ऐन हंगामात दगा देऊ लागला तर शेतकऱ्याचे वर्ष बुडते, आणि त्याच्यामागे सावकार उभाच असतो. अशा गिऱ्हाइकाला केवळ जाहिरात पटत नाही. एका शेतात नांगर चालतो, तो शेजारी पाहतो, आणि मग गाव विश्वास ठेवते. म्हणजे या धंद्यात मालाचा प्रामाणिकपणा हेच खरे भांडवल होते. बाकीचे भांडवल कारखानदाराजवळ फारसे नव्हतेच.

पुढे नगरपालिकेला कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली आणि बेळगाव सोडणे भाग पडले. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळची जागा देऊ केली. सुमारे 32 एकरांचा तो माळ निवडुंगाने भरलेला आणि सापांनी गजबजलेला होता. तेथे 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. संस्थानिकाने तारण पाहिले नाही, माणूस पाहिला. आणि जो विश्वास मिळाला तोच लक्ष्मणरावांनी पुढे वाटला.

या वसाहतीत कोण माणसे होती? शाळा अर्धवट सुटलेले शंभोराव जांभेकर पुढे यंत्रज्ञ आणि व्यवस्थापक झाले. शिक्षण पुरे न झालेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंते ठरले. हिशेब मंगेशराव रेगे यांनी सांभाळला, तर वसाहतीची आखणी व देखभाल रामुअण्णांनी केली. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. आणि रात्रीची राखण? ती तुकाराम रामोशी आणि पिराजी यांच्याकडे होती. दोघेही पूर्वी शिक्षा भोगलेले. ज्यांना पाहून इतरांनी दाराला कुलूप लावले असते, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी कुलपाची राखण सोपविली. त्या दोघांनी ती निष्ठेने केली.

हे भाबडेपण होते काय? तसे म्हणवत नाही. माणसाला त्याच्या जन्मावरून, प्रमाणपत्रावरून किंवा एकदा घडलेल्या गुन्ह्यावरून मोजणे हे खोटे माप आहे, आणि खोट्या मापाने कारखाना चालत नाही, हे यंत्रज्ञाला कळते. त्याच औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली गेली. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा 1957 चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. विश्वासाचा तो विचार त्या मुलखात एकाएकी उगवलेला नव्हता.

एक आक्षेप घेतला जातो, तोही नोंदवला पाहिजे. मालकाच्या दयेवर उभे असलेले कामगाराचे सुख हे हक्काचे नसते. मालक बदलला की ते बदलते. आक्षेप रास्त आहे. दया ही कायद्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु ज्या काळी कामगाराच्या बाजूने कायदा जवळपास नव्हताच, त्या काळी एका उजाड माळावर माणसासारखे वागविले जाण्याची हमी कुणीतरी दिली, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

पुढील विस्तार सर्वज्ञात आहे. 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, 1946 मध्ये पुण्यास तेलइंजिनांचा आणि बंगळूरला विद्युत यंत्रांचा कारखाना सुरू झाला. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्याचे जुने अंक आजही जपलेले असतील.

सीमाभागात आपण या घराण्याचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. पण निव्वळ अभिमानाने फारसे काही साधत नाही. आपल्या पेढीवर वा दुकानात कामाला येणाऱ्या मुलाचे आडनाव आपण आधी विचारतो की त्याचे काम आधी पाहतो, या प्रश्नाचे खरे उत्तर आपण स्वतःला दिले, तर कुंडल रोडच्या माळाचा वारसा आपण किती राखला, हे आपल्याला कळून येईल.